फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड : जुने अंक आणि नवा अवतार

१९५८ साली प्रकाशक जेम्स वॉरन आणि संपादक फॉरेस्ट जे. अकरमन यांनी हे अमेरिकन मासिक काढलं, तेव्हा हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओचे जुने भयपट टीव्हीवर नुकतेच लागू लागले होते. पडद्यावरच्या राक्षसांवर जीव टाकणाऱ्या पोरांना हक्काची जागा मिळाली. अकरमनच्या कोट्या मला काही वेळा अती वाटतात, पण मूकपटांच्या काळातला भयपटांचा नट लॉन चेनी याच्याबद्दल लिहिताना त्याच्या शब्दांत खरी माया उतरते.

माझा जीव मात्र चित्रकार बेसिल गोगोस यांच्या मुखपृष्ठांवर. अंक ९ वरचा भयपटांचा नट व्हिन्सेंट प्राइस बघा. चेहऱ्यावर असे भडक रंग की हा माणूस रागावलाय की घाबरलाय, कळत नाही. आतला कागद अगदी साधा, छपाई काळी-पांढरी. तरीही मेकअपची छायाचित्रं मी भिंग लावून बघत बसते. मेकअप कलाकार डिक स्मिथ यांची घरच्या घरी राक्षस बनवायची पुस्तिकाही वॉरननेच १९६५ मध्ये छापली. सत्तरच्या दशकातल्या शेवटच्या अंकांत जुनाच मजकूर फार फिरवलाय, ते सोडले तरी चालतील.

१९८३ मध्ये मासिक बंद पडलं. १९९३ मध्ये पुन्हा निघालं, पण नव्या प्रकाशकाशी अकरमनचं बिनसलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये फिलिप किम यांनी अंक २५१ पासून पुन्हा सुरुवात केली. छपाई देखणी, मुलाखती भरीव. त्या जुन्या खोडकरपणाची उणीव मला जाणवते. तरी चित्रांसाठी नवे अंकही जरूर घ्या.