गटचर्चेचं शब्दांकन: हाताने की यंत्राने?

आठ बायका, अंगणवाडीची खोली, वर गरगरणारा पंखा. अशा चर्चेचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं लिहून काढताना यंत्र, म्हणजे आवाजाचा आपोआप मजकूर करणारं सॉफ्टवेअर, अडखळतं: दोघी एकदम बोलल्या की एकीचं वाक्य गायब, आणि ‘न्हाई’, ‘व्हतं’चं परस्पर ‘नाही’, ‘होतं’ होऊन जातं. हाताने लिहायला तासाभराच्या चर्चेला सहा-आठ तास सहज जातात, पण कोण हसलं, कोण बोलता बोलता थांबलं, हे कागदावर येतं. यंत्राचा मसुदा काही मिनिटांत मिळतो. तो शब्दन्‌शब्द ऐकून तपासावाच लागतो. चर्चा बोलीत असेल तर सरळ हातानेच लिहावं.

दोन्हींत एक काम सारखंच: सुरुवातीला प्रत्येकीकडून आपला क्रमांक आणि एक वाक्य बोलून घ्या. नाहीतर पुढे ‘बाई ३’ कोणती, हे आवाजावरून कळत नाही.