टायपिंग सेंटर, बेळगाव: बर्माला पत्र पाठवायचं होतं त्याचा अनुभव

दुकानाचं नाव टाकत नाही, कारण चांगलं वाईट दोन्ही लिहिणार आहे आणि काकांना उगीच ताप नको. डीसी ऑफिस आणि कोर्टाच्या आजूबाजूला टायपिंग-झेरॉक्सची जी दुकानं आहेत त्यातलं एक समजा. एक काका, त्यांचा पुतण्या, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन जे बहुतेक माझ्यापेक्षा वयानं मोठं असेल, आणि सुतळीनं टेबलाला बांधलेलं एक पेन.

काम जरा वेगळं होतं म्हणून एवढं लिहितोय. टिळकवाडीत आमचे एक रिटायर्ड सर आहेत, हायस्कूलला इतिहास शिकवायचे, त्यांच्याकडं आम्ही आठ-दहा जण दर रविवारी चहाला जमतो, पेपर वाचतो, भांडतो आणि घरी जातो. २०२५ च्या नोव्हेंबरात एका रविवारी सरांनी विषय काढला की म्यानमारच्या, म्हणजे बर्माच्या, लष्करानं २८ डिसेंबरला निवडणूक लावलीय पण ती निवडणूक कसली, नाटक आहे नुसतं, आपण त्यांच्या सरकारला पत्र लिहायचं. आमच्यातला एक म्हणाला, सर, गल्लीच्या गटारीसाठी चार निवेदनं दिली, एकाचं उत्तर नाही, आणि तुम्ही थेट बर्माला लिहा म्हणताय. सर म्हणाले, लोकमान्यांना १९०८ ला शिक्षा झाली आणि बर्मातल्या मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं ठेवलं, आणि त्या मंडालेच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी आणून कुठं ठेवलं, तर रत्नागिरीला, म्हणजे टिळकांच्या जन्मगावालाच. सुटून आल्यावर टिळकांनी होमरूल लीग काढली ती १९१६ ला, आणि ती पण आपल्या बेळगावात. आता वाडीला नाव त्यांचं, आणि मंडालेचं नाव काढलं की तुम्ही मला गटार सांगताय होय? मग कोण बोलणार पुढं. सह्या करायचं ठरलं.

सरांनी मराठीत दोन पानं लिहिली, मी त्याचं इंग्रजी केलं (माझं इंग्रजी म्हणजे इन्शुरन्सच्या फॉर्मपुरतं), आणि ते घेऊन मी ह्या दुकानात गेलो. वेळ चुकली माझी. डिसेंबरात इथं सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, सगळ्या जिल्ह्यांतनं माणसं निवेदनं घेऊन येतात, ऊसवाले काय, अंगणवाडीवाल्या काय, आणि सगळ्यांना ते आत्ताच्या आत्ता टाईप करून पाहिजे असतं. पाऊण तास बाकड्यावर बसलो. माझ्या पुढं खानापूरकडचे एक आजोबा होते, त्यांचा अर्ज एका कचेरीनं मराठीत आहे म्हणून परत पाठवलेला, तो कन्नडमध्ये करून घ्यायला आलते. काकांनी तो मराठी कागद डाव्या हाताला ठेवला आणि बघून सरळ कन्नडमध्ये टाईप करत गेले, मध्ये कुठं थांबले नाहीत, आजोबांना फक्त सर्व्हे नंबर परत एकदा विचारला. हे बघूनच माझा अर्धा राग गेला.

मग माझा नंबर. काकांनी कागद वरून खालपर्यंत वाचला, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "प्रति कोण?"

मी म्हटलं लिहा की, माननीय राष्ट्राध्यक्ष, म्यानमार.

"निवडून कोण दिलंय ओ त्यांना? तुम्हीच खाली लिहिलंय की १ फेब्रुवारी २०२१ ला सत्ता बळकावली म्हणून. वर माननीय म्हणायचं आणि खाली चोर म्हणायचं, असलं निवेदन चालत नसतंय."

खरं सांगतो, आम्ही दहा जण दोन रविवार ह्या पत्रावर बसलतो आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला, दुकानातली सगळी माणसं ऐकतायत. सर म्हणाले त्या लष्करप्रमुख मिन आंग हलाईंगला राष्ट्राध्यक्ष लिहिलं तर आपणच त्याला मान्यता दिल्यासारखं होतंय, जुलै संपता संपता आणीबाणी उठवली म्हणाला पण नवीन कमिशन काढून वर परत हाच बसलाय. काकांनीच मार्ग काढला. प्रति, म्यानमारचे राजदूत, नवी दिल्ली, आणि मजकुरात "सध्या सत्ता ताब्यात असलेलं लष्करी नेतृत्व". खाली माहितीसाठी प्रत आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला. म्हणाले राजदूत म्हणजे टपालपेटी, पेटीला माननीय म्हटलं तरी चालतंय.

दुसरी गोष्ट मागण्यांची. सरांनी सात लिहिलत्या. काका म्हणाले तीन ठेवा, चौथ्याला साहेब पान उलटतो आणि पाचव्याला चहा मागवतो. मग दुकानातच कापाकापी चालू झाली, आणि हे टायपिंगचं दुकान आहे की वकिलाचं ऑफिस असं मला वाटायला लागलं. पहिली मागणी, लष्करानं हटवलेल्या नेत्या आंग सान सू ची आणि बाकीच्या राजकीय कैद्यांना सोडा. त्या बाईंना सगळ्या खटल्यांची मिळून ३३ वर्षं दिलती, २०२३ मध्ये थोडी कमी करून २७ केली, आणि त्यांचं वय तेव्हा ८०, म्हणजे ही शिक्षा कशी मोजायची तुम्हीच सांगा. दुसरी, त्यांच्या पक्षाला परत मान्यता द्या. २०२० च्या नोव्हेंबरात ह्या पक्षानं ४७६ पैकी ३९६ जागा मारल्या आणि लष्कराच्या बाजूच्या पक्षाला ३३, आणि तोच पक्ष मार्च २०२३ मध्ये नवीन नियमाप्रमाणे नोंदणी केली नाही म्हणून यादीतनंच काढून टाकला. आपल्याकडं तालुक्याच्या निवडणुकीत समोरच्याचा फॉर्म बाद करून बिनविरोध येतात ना, तेच, फक्त अख्ख्या देशाचं. तिसरी, निवडणुकीविरुद्ध बोललं किंवा पत्रक वाटलं तर कमीत कमी तीन वर्षं आत, असा कायदा २०२५ च्या जुलैमध्ये केलाय, तो मागं घ्या.

चौथ्या मागणीवरनं सर अडून बसले. म्यानमारच्या २००८ च्या घटनेत पार्लमेंटच्या चौथ्या हिश्श्याच्या जागा लष्कराला राखीव आहेत, त्यांना कोण निवडून देत नाही, सेनापती नेमतो. खालच्या सभागृहात ४४० पैकी ११०, वरच्यात २२४ पैकी ५६. पुतण्यानं तिथंच कॅल्क्युलेटरवर मारलं, १६६. आणि घटना बदलायची तर ७५ टक्क्यांच्या वर मतं पाहिजेत, म्हणजे निवडणुकीच्या सगळ्या जागा एकाच पक्षानं जिंकल्या तरी लष्कराच्या एकानं तरी हात वर केल्याशिवाय काय होत नाही. पुतण्या म्हणाला, म्हणजे भाऊबंदकीतला सातबारा, एकाची सही नाही तर विहीर पडून. (आमच्याकडं सातबाऱ्याला उतारा म्हणतात पण विहीर पडून राहते ती सारखीच.) शेवटी ती मागणी न करता पहिल्या परिच्छेदात माहिती म्हणून घातली, काका खूश, सर खूश.

आता वाईट. चार वाजता या म्हणाले, चारला गेलो तर लाईट नाही. साडेपाचला आली तर म्हणतात प्रिंटर गरम व्हायला पाहिजे. सात वाजता पहिलं प्रिंट हातात, आणि त्यात १९९० च्या निवडणुकीच्या ३९२ जागांचं ३२९ करून ठेवलंय. त्या वर्षीही सू ची बाईंचा हाच पक्ष जिंकलता आणि लष्करानं सत्ता दिलीच नव्हती, म्हणजे त्या पत्रातला तो सगळ्यात मोठा मुद्दा, आणि आकडा चुकीचा. ते पत्र तसंच गेलं असतं तर ह्यांना साधा आकडा पण माहीत नाही म्हणून फायलीत. काका बिचारे लगेच दुरुस्त करून देतो म्हणाले, पैसे घेतले नाहीत, पण वाचून बघितल्याशिवाय तिथनं हलू नका एवढंच सांगतो. मी आकडे वाचून दाखवले आणि पुतण्यानं स्क्रीनवर बोट ठेवून एक एक मिळवला, तसं करून घ्या.

दुसरं म्हणजे पुतण्याचा उत्साह. मी चहाला गेलो तेवढ्यात त्यानं मोबाईलवरनं विषयाच्या ओळीचं बर्मी भाषांतर काढलं आणि लेटरच्या डोक्यावर चिकटवलं, सरप्राईज म्हणून. प्रिंट काढलं तर नुसते चौकोन, ओळीनं अकरा चौकोन, मधे एक टिंब. मग फॉन्ट डाउनलोड करत बसला अर्धा तास. नंतर गोल गोल अक्षरं आली पण काना-मात्रा कुठच्या कुठं उडालेल्या. घरी येऊन बघितलं तर बर्मी भाषेत पण आपल्या श्रीलिपी-युनिकोडसारखीच भानगड होती, झॉजी नावाचा जुना फॉन्ट सगळे वापरायचे, २०१९ ला सरकारनं युनिकोडवर यायचं ठरवलं, आणि ह्या पोरानं फॉन्ट जुना टाकला आणि मजकूर नवा. मी म्हटलं काढ ते. जे आपल्याला वाचता येत नाही त्याच्याखाली पन्नास माणसांच्या सह्या नकोत, उद्या त्यात भलतंच काय निघालं तर? त्याचं तोंड पडलं जरा पण काढलं.

आणि सह्यांच्या पानावर उजव्या बाजूनं टोनरची काळी उभी रेघ. तीन वेळा काढलं, तिन्ही वेळा रेघ. शेवटी काका म्हणाले सह्या डाव्या बाजूला घ्या. घेतल्या.

सह्या घेताना आणखी एक झालं, दुकानाशी संबंध नाही पण सांगतो. आमच्यातला सगळ्यात लहान, इंजिनीअरिंगचा पोरगा, सही करणार नाही म्हणाला. का, तर ह्याच सू ची बाई डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात जाऊन रोहिंग्यांच्या, म्हणजे तिथल्या मुस्लिम अल्पसंख्याकांच्या, केसमध्ये लष्कराच्या बाजूनं बोलल्या, आणि रोहिंग्यांना २०१५ पासून मतदानच नाही, म्हणजे तुमची ती २०२० ची निवडणूक तरी कुठं धुतल्या तांदळासारखी होती. सर गप्प बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, बरोबर आहे तुझं. मग दुसऱ्या दिवशी मी परत दुकानात, परत बाकडं, आणि पहिल्या मागणीच्या आधी एक वाक्य वाढवलं, की मतदार यादीतनं ज्यांना जातीधर्मावरनं काढलंय त्यांनाही मतदान मिळालं पाहिजे. काकांनी वाचलं आणि म्हणाले, हे पहिल्यांदाच घालायला पाहिजे होतं, यादीतनं नाव गेलेल्या माणसाला बाकी सगळं काय करायचं ओ. त्यांचं स्वतःचं नाव एकदा यादीतनं गेलतं म्हणे, घर बदलल्यावर, दोन वर्षं हेलपाटे घातले. पोरानं सही केली. एकूण ५३ झाल्या, त्यातल्या चाळीसभर मराठीत, सात-आठ कन्नडमध्ये, आणि एक अंगठा, सरांच्या घरी काम करणाऱ्या मावशींचा, त्यांनी आपणहून मागून दिला.

पैसे सांगतो. इंग्रजी टायपिंग पानाला ४० रुपये, दुरुस्तीचे नाहीत, झेरॉक्स दोन रुपये, पिवळं मोठं पाकीट दहा. दुसऱ्या दिवशीच्या वाढीव वाक्याचे घेतलेच नाहीत, म्हणाले बर्माचं काम आहे, राहूंदे. गूगल पे आहे पण स्कॅनर सूर्यप्रकाशानं पांढरा पडलाय, नंबर टाकून करा. तक्रार एकच राहते, तिथं खाजगी असं काही नाही, माझं पत्र माझ्या आधी तीन गिऱ्हाईकांनी वाचलं आणि एकानं मला विचारलं की तुम्ही बर्माला कधी जाऊन आलासा. मालमत्तेची किंवा घटस्फोटाची कागदं असतील तर दुसरीकडं जावा.

पत्ता त्यांनी पाकिटावर मोठ्या अक्षरांत प्रिंट करून दिला. रजिस्टर आता वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टातच घातलंय, तेपण काकांनीच सांगितलं, नाहीतर मी पोस्टात जाऊन भांडलो असतो. पाचव्या दिवशी ट्रॅकिंगला चाणक्यपुरीला, म्हणजे दिल्लीतल्या दूतावासांच्या भागात, पोचलं म्हणून दाखवलं. उत्तर आलेलं नाही. तेव्हा निवडणुकीच्या पहिल्या टप्प्याला अजून दोन आठवडे होते, ३३० पैकी १०२ तालुक्यांत मतदान ठरलं होतं म्हणे, दुसरा टप्पा ११ जानेवारी २०२६ ला, आणि सर रोज सकाळी फोन करून विचारायचे काय आलं का. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रतीचं पण काय नाही.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो ३२९ चा. रविवारी आणि दुसऱ्या शनिवारी बंद, दुपारी दीड ते अडीच जेवण, गाडी लावायला जागा नाही, आणि पेन स्वतःचं न्या, तिथलं त्या सुतळीवरचं पेन गेले कित्येक महिने चालत नाही.