काळ्या मातीत पिळाचा खुंटा : दहा महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबर २०२३ मध्ये द्राक्षबागेच्या ओळींच्या टोकांना तारा ओढून धरणाऱ्या ताणांसाठी ३४ स्क्रू अँकर, म्हणजे जमिनीत पिळून बसवायचे लोखंडी खुंटे, घेतले. आता ऑगस्ट संपत आलाय. मधल्या काळात बागेवर माल आला, उतरला, खरड छाटणी झाली, उन्हाळ्यात जमीन भेगाळली आणि पावसात पुन्हा फुगली. बसवल्यावर आठ दिवसांत लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं. मे महिन्यात लिहिलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. दोन्ही चुकीचं ठरलं असतं.

बाग नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, कादवा नदीच्या बाजूला. ५० गुंठे, नऊ बाय पाच फुटांची लागण, २७ ओळी, म्हणजे दोन्ही टोकं धरून ५४ ताण. रान उताराचं आहे. वरच्या अंगाला हातभर मातीखाली मुरूम लागतो, खालच्या अंगाला पुरुषभर काळी. वर बसलेली वस्तू खाली बसत नाही आणि खाली बसलेली वर जात नाही, हे पुढच्या सगळ्या कथेचं मूळ.

आधी सगळीकडे दगडाचे ताण होते. घरच्या अण्णांनी २०१२ साली बाग लावली तेव्हाचे. तीन फूट खड्डा, त्यात चाळीसेक किलोचा चपटा दगड, दगडाला आठ गेजच्या तारेचे दोन वेढे आणि वरून माती. अकरा वर्षं चालले. खुंटे घेण्याआधीच्या हंगामात, २०२३ च्या फेब्रुवारीत, माल गोडीवर आलेला असताना, खालच्या अंगाचा एक ताण रात्रीत तुटला. एकरी दहा टन धरले तरी ओळीवर साडेचारशे किलोच्या वर नुसता माल असतो. वाय अँगल, म्हणजे वेलींच्या तारा पेलणारे वाय आकाराचे लोखंडी खांब, आत वाकले, शेजारची ओळही ओढली गेली. उकरून पाहिलं तर दगड जागच्या जागी. तार मात्र जमिनीच्या पातळीपासून चार बोटं खाली गंजून सुतळीसारखी बारीक झालेली. हवा आणि ओल दोन्ही जिथं भेटतात तिथंच लोखंड खाल्लं जातं.

म्हणून तारेऐवजी जाड रॉड जमिनीत गेला पाहिजे, इथपर्यंत आलो. पर्याय दोन होते, काँक्रीटचा ठोकळा किंवा स्क्रू अँकर. आमच्या टोळीतले गडी स्क्रू अँकरला पिळाचा खुंटा म्हणतात, आणि ते नाव जास्त बरोबर आहे. चार फुटी १६ मिलिमीटरचा रॉड, खालच्या टोकाला सहा इंची गोल पत्र्याचा एक पीळ, वर कडी. जस्ताचा मुलामा दिलेला. नाशिकला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून नगाला ५२० रुपयांनी घेतले.

चौतीसपैकी तीस बसले. उरलेल्या चारांची हकीकत आधी सांगून टाकतो. दोघांचे रॉड वरच्या अंगाला मुरमात पिळवटले, गिऱ्हाईक नसलेल्या जिलेबीसारखे पडून आहेत. एकाचा पत्रा दगडावर अडून दुमडला. चौथ्याचं वेल्डिंगच सुटलं. त्या पत्र्याला भरीव वेल्डिंग न करता नुसते चार टाके मारलेले होते, आणि वरून जस्त चढवल्यामुळे दिसत नव्हतं. परत न्यायला गेलो तर उत्तर मिळालं, "तुम्ही पाइप जास्त लांब लावला असेल." घेताना पत्र्याच्या मुळाशी बोट फिरवून बघा. सांधा सलग लागला पाहिजे. मुलामा द्यायच्या आधीच माल बघायला मिळाला तर उत्तम.

खालच्या काळीत बसवणं म्हणजे सुख. त्या वर्षी पाऊस कमीच होता, ऑक्टोबरात वरची माती टणक झालेली. म्हणून दोन रात्री ठिबक चालवलं आणि वाफसा येऊ दिला, म्हणजे ओल राहिली पण चिखल नाही. कडीतून पाच फुटी पाइप घालून दोघांनी फिरवायचं, तिसऱ्याने रॉडचा तिरकेपणा सांभाळायचा. दहा-बारा मिनिटांत एक. खड्डा नाही, माती उपसणं नाही, धुम्मसाने ठोकणं नाही, आणि त्याच दिवशी तार ओढता येते. छाटणी तोंडावर असताना याची किंमत बागायतदारालाच कळेल.

खड्डा नसण्याचा फायदा नुसता मजुरीचा नाही. पुरलेला दगड आपल्या वजनाने ताण धरत नाही, चाळीस किलोने काय होणार? तो धरतो त्याच्यावरच्या मातीच्या जोरावर. ओढ लागली की दगडाच्या वर, उलट्या शंकूसारखा मातीचा गड्डा उचलावा लागतो. खड्डा करून माती परत लोटली की तो गड्डा भुसभुशीत होतो. सहा-सहा इंचांचे थर करून धुम्मसाने ठोकले तर ठीक, पण मजुरांवर सोडलं की पाय देऊन मोकळे. पिळाचा खुंटा न हललेल्या मातीत शिरतो, हीच त्याची खरी कमाई.

हाच शंकूचा हिशोब घेताना डोक्यात आला असता तर मी चार फुटी घेतलेच नसते. चार फुटी रॉड म्हणजे चार फूट खोल, असं मी धरून चाललो होतो. रॉड ४५ अंशांत तिरका जातो, कडी चार इंच वर राहते. प्रत्यक्षात पीळ बसतो जेमतेम २.६ फुटांवर. पाच फुटी घेतला असता तर ३.३ फुटांवर गेला असता. फरक दिसायला आठ-नऊ इंचांचा, पण शंकूचं माप खोलीच्या घनाने वाढतं. मातीचा गड्डा जवळजवळ दुप्पट होतो. नगामागे शे-दीडशे रुपये वाचवून अर्धी ताकद मी दुकानातच ठेवून आलो.

दुसरी चूकही माझीच. खालच्या बांधाला ट्रॅक्टर वळवायला जागा कमी, म्हणून सहा खुंटे अँगलच्या जवळ घेतले. अँगलला ताण बांधायची जागा सहा फुटांवर. खुंटाही अँगलपासून सहा फूट अंतरावर असला तर ताणाची तार ४५ अंशांत येते, आणि ओळीच्या ओढीच्या १.४ पट जोर तिच्यावर पडतो. साडेतीन फुटांवर घेतला की तार साठ अंशांत उभी होते आणि जोर दुप्पट. शिवाय जमिनीतून वर उपटणारा हिस्सा एकपटीवरून १.७ पट होतो. त्यात भर म्हणजे रॉड हाताच्या सवयीने ४५ मध्येच घातले, तार साठमध्ये. तार आणि रॉड एका रेषेत नसले की ओढ लागल्यावर रॉड आपली दिशा बदलतो, वरची मऊ माती चिरत तारेच्या रेषेत येतो. या सहांनी डिसेंबरपर्यंत दोन-दोन इंच ढील दिली. काळीतले बाकीचे सोळा पहिल्या ओझ्याला पाव-अर्धा इंच बसले आणि थांबले.

२६ नोव्हेंबरच्या अवकाळीत आमच्या तालुक्यात गारांनी बागा झोडपल्या. आमच्या शिवाराला कड लागली, वारा आणि पाऊस मात्र भरपूर. सकाळी आधी घड पाहिले, मग खुंटे. बांधाकडचे ते सहा सोडले तर एकही हललेला नव्हता. मार्चमध्ये माल उतरेपर्यंत त्यांच्याकडे लक्ष द्यायची गरज पडली नाही. ताणाकडून अपेक्षा तरी दुसरी काय असते.

मग मे आला.

बसवताना मी प्रत्येक रॉडवर जमिनीलगत लाल ऑइल पेंटचा पट्टा ओढला होता. खुंटा वर आला तर पट्टा दिसेल, एवढी साधी युक्ती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या अंगाला गेलो तर ओळीने सगळ्या खुंट्यांचा पट्टा जमिनीपासून इंचभर वर. ताणाच्या तारा ढिल्या. भेगांमध्ये मनगट जात होतं. माझ्या डोक्यात एकच, ५२० रुपयांचा खुंटा उपटून चाललाय. दोन दिवस उन्हात उभं राहून सगळ्या तारा घट्ट केल्या. सहा ठिकाणी टर्नबकल (तार घट्ट करायचा आट्यांचा आकडा) होते तिथं पीळ दिला, बाकी ठिकाणी तार ओढायच्या मशीनने.

अण्णा बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "खुंटा नाही निघाला रे, जमीन बसलीय." मी म्हटलं, जमीन कशी बसेल? "विहिरीच्या कठड्याला विचार. तो खडकावर उभाय."

वाद मिटवायला गवंड्याची लेव्हलची नळी आणली. विहिरीच्या कठड्यावर खूण केली आणि तिथून चौथ्या ओळीच्या खुंट्याची कडी आणि तिच्या शेजारची जमीन, दोन्हींची पातळी कठड्यावर कोरून ठेवली. ऑगस्टमध्ये, पाऊस जिरल्यावर, पुन्हा नळी लावली. जमीन दीड इंच वर आलेली. कडी फक्त अर्धा इंच. लाल पट्टा परत मातीला टेकलेला. खुंटा जागेवरच होता, उन्हाळ्यात माती त्याला सोडून खाली गेली होती.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, हे शाळेत शिकलेलो असतो. ती आडवी आकसते तेव्हा भेगा दिसतात. उभी आकसते ते दिसत नाही, कारण आपणही तिच्यावरच उभे असतो. आकसणं वरच्या थरात सगळ्यांत जास्त, खोल जावं तसं कमी. आमचे अँगल दीड-दोन फूट गाडलेले, म्हणजे ते वरच्या मातीबरोबर खालीवर होतात. पीळ त्याहून खाली असल्याने कमी हलतो. मेमध्ये अँगल खाली बसला म्हणून तार ढिली पडली होती. मी ती ढील काढून टाकली. जुलै-ऑगस्टात माती फुगली, अँगल वर उचलला गेला, आणि खुंट्याने जागा सोडली नाही. तारा सतारीसारख्या वाजायला लागल्या. दोन अँगल बाहेरच्या बाजूला वाकले, एका टर्नबकलचा आकडा उघडला. खुंटा मजबूत निघाला म्हणून माझं नुकसान झालं, अशी ही तक्रार आहे.

पूर्वीच्या दगडांच्या बाबतीत हे कधी कळलं नाही, कारण ते स्वतःच थोडे सैल होते. अण्णांना हे सगळं ठाऊक होतं आणि ते बांधावर बसून होते, यावर घरात थोडं बोलणं झालं. असो.

आता तारा ढिल्या केल्यात. यापुढे ताण फक्त वाफशावर, म्हणजे पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा बघायचा. उन्हाळ्यात दिसणारी ढील तशीच सोडायची. तेव्हा बागेवर माल नसतो, बिघडत काही नाही.

वरच्या अंगाचं थोडक्यात सांगतो. मुरमात पिळाचा खुंटा घ्यायच्या भानगडीत पडू नका. पहारीने आधी भोक पाडून, पाणी ओतून, शिव्या देऊन आठ बसवले. एकेकाला दीड तास. बसलेत ते वज्रासारखे आहेत, लाल पट्टा एका सुताने हललेला नाही. पण त्या मजुरीत तिथं केलेले आठ काँक्रीटचे ताण स्वस्त पडले. दीड फूट लांब, रुंद, खोल ठोकळा सुमारे २३० किलोचा होतो. रॉडच्या टोकाला गुडघा काढून आडवी सळई अडकवली, म्हणजे तो ठोकळ्यात फिरत किंवा घसरत नाही. वरचा भाग सपाट न ठेवता टोपीसारखा उतरता केला. सपाट ठेवला तर रॉडच्या मुळाशी पाणी साचतं आणि पुन्हा तेच गंजणं. काँक्रीटची पूर्ण ताकद धरायला २८ दिवस जातात. आम्ही दोन आठवड्यांनी तारा ओढल्या, पुरलं.

आणखी एक त्रास कोणी आधी सांगत नाही. कडी जमिनीच्या चार इंच वर राहते आणि वळणावर फवारणीच्या ब्लोअरचं चाक नेमकं तिच्यावर जातं. एक कडी आडवी झालीय. आता प्रत्येक ताणावर पांढरा पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवलाय, संध्याकाळच्या फवारणीत दिसतो.

बागेवर छतासारखं घालतात त्या प्लॅस्टिक आच्छादनाला हे खुंटे चालतील का, असं दोघांनी विचारलं. माझ्याकडे आच्छादन नाही, तेव्हा अनुभव नाही, नुसता हिशोब सांगतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. तासाला ५४ किलोमीटरच्या वाऱ्यात चौरस मीटरला साधारण १४ किलो, १०८ च्या वाऱ्यात ५५ किलो. मालाचं ओझं खाली दाबतं, हे वर उचलतं. चार फुटी, सहा इंची पत्र्यावर तरी मी ते टाकणार नाही.

काळीसाठी मी याला दहापैकी आठ देईन, मुरमासाठी तीन. या ऑक्टोबरात बांधाकडचे ते सहा काढून पाच फुटी, आठ इंची पत्र्याचे घालतोय, आणि या वेळी तारेला दोरी धरून त्याच रेषेत. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी म्हणून त्या बाजूचं एकेक झाड काढावं लागणार आहे. उरलेल्या सोळा दगडांना हात लावणार नाही. त्यांच्या तारा चार बोटं उकरून बघितल्या, सात गंजल्यात. तेवढ्या जागी दगड न काढता, तारेला जमिनीखालीच रॉडचा तुकडा जोडून वर घेणार.