‘प्री-स्कूल किट’चा खोका: काय घ्यावं आणि काय घरच्या डब्यांतून काढावं

मार्च-एप्रिल आला की ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोडच्या खेळण्यांच्या दुकानांत एक खोका पुढच्या फळीवर येतो. नावं वेगवेगळी, माल तोच: अक्षरांची कार्डं, पुसता येणारं पुस्तक आणि मार्कर, जिगसॉ, मणी-दोरा, प्लास्टिकची कात्री, क्लेच्या दोन-चार डब्या. महागड्या खोक्यात वर एक बोलणारं पेन. मत आधीच सांगतो: अख्खा खोका घेऊ नका. त्यातल्या तीन वस्तू चांगल्या प्रतीच्या सुट्या घ्या. बाकीचं घरात आहे, नाहीतर जांभळी नाक्यावर किलोने मिळतं.

पहिली वस्तू मणी-दोरा. दोन हातांनी दोन वेगळी कामं करणं आणि नजर एका भोकावर ठेवणं, हे एवढ्या स्वस्तात शिकवणारं दुसरं काही नाही. पण खोक्यावरच्या ‘3+’ कडे नीट बघा. आपल्याकडे नर्सरीला 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे डिसेंबरात वाढदिवस असलेलं मूल जूनमध्ये अडीचचंच असतं आणि त्याच्या तोंडात हे मणी जाणारच. सुट्या भागांच्या चाचणीत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी जी नळी वापरतात तिचा व्यास 31.7 मिलिमीटर आहे. तिच्यात मावणारी वस्तू घशात अडकू शकते, आणि खोक्यातले बहुतेक मणी त्यात आरामात मावतील. अशा मुलाला आधी जाड दोरीत प्लास्टिकच्या बांगड्या ओवायला द्या. तीन पार केलेल्या मुलाला मणी द्यायचे ते निदान दोन सेंटिमीटरचे, भोक पेन्सिल जाईल एवढं.

दोरा मात्र सगळ्याच खोक्यांत रद्दी असतो. चार दिवसांत टोक पिंजतं, मग भोकात जात नाही आणि मूल मणी फेकून देतं. लोकांना वाटतं मुलाला कंटाळा आला. बिघाड दोऱ्यात असतो. बुटाची नाडी घ्या, तिचं टोक मुळातच कडक असतं. साधा दोराच वापरायचा तर टोकाचे चार-पाच सेंटिमीटर सेलोटेपने घट्ट गुंडाळा. दुसऱ्या टोकाला नुसती गाठ पुरत नाही, एक मणीच बांधून टाका.

दुसरी वस्तू कात्री. खोक्यातली पूर्ण प्लास्टिकची कात्री क्ले कापते, कागद चावते. धातूची पाती आणि बोथट टोक असलेली कात्री स्टेशनरीच्या दुकानातून वेगळी घ्या. मूल डावखुरं असेल तर डावखुरी कात्री मागा. उजवी कात्री डाव्या हातात धरली की पातं कापायच्या रेषेवर येतं, रेषा दिसत नाही, आणि हाताच्या दाबाने पाती एकमेकांपासून दूर जातात. मग कागद कापला न जाता मध्ये दुमडतो.

वर्तमानपत्राने सुरुवात करू नका, तेही दुमडतं. लग्नाच्या जुन्या पत्रिकेच्या दीड सेंटिमीटर रुंद पट्ट्या काढा. एका चिमट्यात तुकडा पडला पाहिजे. ते जमलं की पट्टी दुप्पट रुंद करा, म्हणजे कात्री उघडून पुढे सरकवावी लागते. त्यानंतर जाड स्केचपेनने ओढलेली सरळ रेष. गोल सगळ्यात शेवटी, कारण तिथे कात्री नाही, कागद धरलेला हात फिरवायचा असतो. अंगठा वर, कोपर अंगाशी. कोपर बाहेर गेलं की मनगट उलटं वळतं. अशा वेळी मुलाला जमिनीवर पालथं झोपवून कापायला द्या, कोपर आपोआप जागेवर येतं.

तिसरी वस्तू जिगसॉ, आणि इथे दुकानदार तुकड्यांच्या आकड्यावर माल विकतात. सुरुवात चार किंवा सहा तुकड्यांनी करा, मग नऊ, बारा. चोवीस पहिल्याच दिवशी काढले तर कोडं आईबाबा सोडवतात. पातळ पुठ्ठा आपल्या पावसाळ्यात वाकतो आणि खाचा बसत नाहीत, म्हणून लाकडी किंवा निदान तीन मिलिमीटर जाडीचं घ्या. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. खोक्यावर ते शोधा. नसेल तर रंगाचा वास घेत बसू नका, परत ठेवा.

आता न घ्यायच्या वस्तू. पुसता येणारं पुस्तक दिसायला छान, पण मार्कर गुळगुळीत कागदावर घसरतो, हाताला अडकावच मिळत नाही. ठिपके जोडून काढलेला ‘अ’ म्हणजे ठिपके जोडणं, ‘अ’ नव्हे. रेष कुठून सुरू झाली ते मुलाच्या लक्षातही राहत नाही. दगडी पाटी आणि पेन्सिल आजही याहून सरस. (मूल पेन्सिल किंवा भिंतीची माती सारखी खात असेल तर रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा, लोह कमी असण्याची शक्यता असते.) मेणखडू पूर्ण लांबीचे देऊ नका. दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करा, मग मूठ आवळून धरताच येत नाही, तीन बोटंच लागतात. कागद भिंतीला चिकटवून रंगवायला दिला तर मनगट आणि खांदाही कामाला लागतात.

कार्डांत पाहण्याजोगी गोष्ट एकच: तक्ता मराठी आहे की हिंदीवरून उचललेला? ‘ळ’ नसेल आणि ‘ख’समोर खरगोशाचं चित्र असेल तर तो तक्ता आपल्या मुलाला गोंधळात टाकेल, कारण ते त्या चित्राला ससा म्हणतं. बोलणाऱ्या पेनबद्दल शब्द वाया घालवत नाही.

क्ले घरी करा. मैदा एक वाटी, बारीक मीठ अर्धी वाटी, पाणी एक वाटी, तेल एक मोठा चमचा, लिंबाचा रस दोन छोटे चमचे, हळद रंगापुरती. सगळं थंड असतानाच गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आचेवर सतत ढवळा. तीन-चार मिनिटांत गोळा कढईच्या कडा सोडतो. ओला दिसतोय म्हणून आधी उतरवलात तर हाताला चिकटणारच. कोमट असताना तेलाच्या हाताने मळा. मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून जुलैत हा गोळा बाहेर ठेवला की रात्रीत पाझरतो. घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा आणि बुरशीचा ठिपका दिसला की टाकून द्या. मीठ भरपूर आहे, त्यामुळे खाऊ द्यायचा नाही.

अक्षरं गिरवायला परातीत बारीक रवा. थर अर्धा सेंटिमीटरच. जास्त झाला तर रेषेच्या कडा आत ढासळतात, कमी झाला तर हात फिरवल्यावर रेष नीट पुसली जात नाही. तळाशी काळा कागद ठेवला तर रेष उठून दिसते. दमट रवा गोळे धरतो, तो आधी कोरडा भाजून गार करा. रांगोळी वापरू नका, तिची बारीक पूड डोळ्यानाकात जाते.

मोजणीला इडलीपात्राची ताटली. शंभरपर्यंत घडाघडा म्हणून दाखवणारं मूल ‘चार छोले दे’ म्हटल्यावर मूठभर देतं, कारण आकडे पाठ आहेत, एका आकड्याला एक वस्तू हे बसलेलं नाही. चार खळ्यांच्या ताटलीत प्रत्येक खळीत एकच छोला ठेवायला सांगा. मग विचारा, एकूण किती? मूल पुन्हा एकपासून मोजायला लागलं तर शेवटचा आकडा म्हणजेच सगळे मिळून, हे अजून उमगायचं आहे. दुसरी ताटली तोवर काढू नका. निवडायला राजमा आणि छोले द्या. मूग आणि मटकी एकत्र देऊन मुलाचा अंत पाहू नका. हे काम मोठं माणूस समोर बसलेलं असतानाच. नाकात गेलेला राजमा ओलीने फुगतो आणि घरच्या चिमट्याने आणखी आत जातो.

बिया, पानं, शंख-शिंपले हेच साधन हा विचार इथल्याच मातीतला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबाडला गेलं, आणि ही दोन्ही गावं 2014 मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती.

आणि खोक्यात नसलेलं ते. शाळा उघडते जूनच्या मध्यावर, भर पावसात. पहिल्या आठवड्यात ताईंचा निम्मा वेळ डबे उघडण्यात जातो. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा मोठ्यांनाही मांडीत धरून ओढावा लागतो. एका बाजूला क्लिप असलेला घ्या आणि घरी रोजचा खाऊ त्यातूनच, मुलाकडून उघडवून द्या. चड्डी इलॅस्टिकची, बूट वेल्क्रोचे.

रेनकोट असा शिकवा: तो जमिनीवर उघडा पसरा, आतली बाजू वर, टोपी मुलाच्या पायांकडे. मुलाने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि कोट डोक्यावरून मागे टाकायचा. टोपी पलीकडच्या बाजूला ठेवली तर कोट उलटा चढतो, गफलत हमखास इथेच होते. पुढच्या वर्षी चालेल म्हणून एक माप मोठा घेतलात तर बाह्या हातांवरून खाली येतात आणि बटणं लावायला बोटंच सापडत नाहीत. वेल्क्रो किंवा मोठी टिचबटणं असलेला, मापाचाच घ्या, आणि मे महिन्यातच. पहिल्या सरीनंतर दुकानात लहान मापं उरत नाहीत.