कळव्यातली आमच्या वस्तीतली अंगणवाडी, माझा ८ महिन्यांचा अनुभव

अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि पाकीट एवढंच माझ्या डोक्यात होतं, म्हणून लेक दीड वर्षाची होईपर्यंत मी तिकडे फिरकलेच नाही. ती धड उभी राहत नव्हती आणि आई-बाबाच्या पुढे एक शब्द नाही. एका दवाखान्यात नेलं तर आम्हा दोघांकडे बघून म्हणाले आईबापच बुटके, पोरगी कुठून उंच होणार, आणि टॉनिक लिहून दिलं. मोजलं कुणीच नाही!! शेवटी शेजारच्या काकू हाताला धरून इथे घेऊन आल्या.

सेविका ताईंनी तिला आडवं झोपवून लांबी घेतली, दोन वर्षांच्या आत झोपवूनच मोजतात म्हणे. ७३ सेंटिमीटर. या वयाच्या मुलीची ७४.९ च्या खाली असली की वाढ खुंटली असं धरतात. मी तिथेच रडले. ताईंनी आधी सरकारी दवाखान्यात पाठवलं, रक्त आणि कान दोन्ही तपासायला, कारण बोलायला उशीर असेल तर ऐकू येतंय ना ते आधी बघायचं. कान ठीक, हिमोग्लोबिन कमी, त्याचं औषध सुरू झालं.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते खेळाबद्दल. ताई घरी आल्या, रिकाम्या बाटलीत राजमा भरून झाकण चिकटपट्टीने गच्च बंद केलं आणि झाला खुळखुळा, दुसऱ्या बाटलीला दोरी बांधली ती ओढायला, डबे एकावर एक रचायला. आंघोळ घालताना हात, पाय, पाणी बोलत राहायचं, ती बा म्हणाली की आपण बाटली म्हणायचं आणि मग थांबायचं, तिला वेळ द्यायचा. हे थांबणं मला जमतच नव्हतं.

सासूबाई म्हणायच्या पोरीला खायला घाला, खेळून काय होणार. मलाही शंका होती म्हणून नंतर वाचलं, जमैकात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली १२९ मुलं घेतली होती, काहींना आठवड्याला १ किलो दूध पावडर, काहींच्या घरी आठवड्यातून एक तास खेळायला शिकवणारी बाई, काहींना दोन्ही, असं दोन वर्षं. दोन्ही मिळालेली मुलं सगळ्यात पुढे गेली. आणि खेळ मिळालेली मुलं २२ वर्षांची झाली तेव्हा बाकीच्यांपेक्षा साधारण २५ टक्के जास्त कमवत होती. हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं, आता डबे रचायला त्याच बसतात तिच्यासोबत. जेवणात अंडं, तूप घातलेली वरण-खिचडी चालूच आहे.

खोली लहान आहे, पत्रा तापतो, उन्हाळ्यात मुलं चिडचिडी होतात, तिथे पंखा तरी हवाच हवा. वजनाच्या दिवशी गर्दी असते, सकाळी लवकर जा आणि लसीकरणाचं कार्ड न विसरता न्या. पैसे एक रुपया लागत नाही.

उंची अजून मागेच आहे तिची. पण २० व्या महिन्यात चालली, आणि परवा दारात ताई दिसल्या तर स्वतःहून म्हणाली, ताई ये.