चाळीस कागदी कार्डं आणि एकच मोबाईल: आठ महिन्यांनंतर

वर्गात “समजलं का?” असं विचारलं की एका सुरात “हो” येतो. त्या ‘हो’त किती दम होता, ते मला कळायचं थेट चाचणीचे पेपर तपासताना. तोवर पुढचा घटक अर्धा झालेला असायचा आणि मागे वळायला वेळ नसायचा. गेले आठ महिने मी प्लिकर्स, म्हणजे मुलांनी धरलेल्या कागदी कार्डांवरून उत्तरं टिपणारं मोबाईल ॲप, वापरतोय ते याच दुखण्यावर. मी गणित आणि विज्ञान शिकवतो. माझ्या वर्गात मुलांच्या हातात मोबाईल नसतात आणि ते नसलेलेच बरे, असं माझं मत आहे. इथे एकच मोबाईल लागतो, शिक्षकाचा.

कार्डं संकेतस्थळावरून उतरवून घ्यायची आणि साध्या कागदावर छापायची. नेहमीच्या संचात ४० असतात, मोठ्या वर्गासाठी ६३ चा संच आहे. प्रत्येक कार्डावर क्रमांक आणि काळ्या चौकटींची वेगळी नक्षी, क्यूआर कोडच्या भावकीतली वाटावी अशी. चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. ज्या पर्यायावर बोट ठेवायचंय ती बाजू वर करून कार्ड धरायचं. मी मोबाईलचा कॅमेरा सावकाश वर्गावरून फिरवतो आणि कोणी काय उत्तर दिलं ते माझ्या मोबाईलवर उमटतं. नक्षी प्रत्येकाची निराळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवणं सहजासहजी जमत नाही. प्रोजेक्टर नसला तरी अडत नाही. प्रश्न फळ्यावर लिहिला की झालं.

सुरुवातीचे दोन आठवडे मात्र फजितीत गेले, आणि त्यातली निम्मी माझ्याच हौसेची. कार्डं टिकावीत म्हणून मी चकचकीत लॅमिनेशन करून आणलं. ट्यूबलाइटचा उजेड त्यावर असा लकाकायचा की कॅमेऱ्याला नक्षीच दिसेना. “जरा पुढे झुकव, अजून थोडं” म्हणत अर्धा तास गेला. शेवटी सगळी कार्डं जाड, बिनचमकीच्या कागदावर पुन्हा छापली. दुसरी गोष्ट बोटांची. मुलं कार्ड घट्ट धरतात आणि अंगठा नेमका काळ्या चौकटीवर येतो. कडेला चिमटीत धरायची सवय लावावी लागली. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या रांगेची कार्डं अंधारी दिसतात, म्हणून मी आता खिडकीच्या बाजूलाच उभा राहून स्कॅन करतो. हे सांभाळलं की अख्खा वर्ग मिनिटाभरात होतो.

आता मुद्द्याचं. कार्डं छापणं सोपं, प्रश्न काढणं अवघड. ०.५, ०.४५, ०.४०५ आणि ०.०५४ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती, असा प्रश्न मी दशांश अपूर्णांक शिकवून झाल्यावर टाकला. निम्म्याहून जास्त वर्ग ०.४०५ वर गेला. चारशे पाच मोठे ना! त्यांत नेहमी पहिल्या बाकावरून हात वर करणारेही होते. तोंडी विचारलं असतं तर दोन-तीन जणांनी बरोबर सांगितलं असतं आणि मी खुशीत पुढे गेलो असतो.

पण खरी गंमत पुढे झाली. ज्यांचं ०.५ बरोबर आलं होतं त्यांना मी सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सहज ०.३ आणि ०.३७ यांत मोठी कोणती, असं विचारलं, तर कालच्या बरोबरवाल्यांपैकीच काही जण ०.३ वर! त्यांचा हिशेब असा, की दशांश चिन्हापुढे जितके अंक जास्त तितके तुकडे बारीक, म्हणजे संख्या लहान. काल चुकीच्या वाटेने बरोबर मुक्कामाला पोचले होते. तेव्हापासून मी चुकीचे पर्याय मनाने रचत नाही. जुन्या वह्या काढतो आणि मुलांनी खरोखर केलेल्या चुकाच पर्याय म्हणून देतो.

उत्तरं आल्यावर काय करायचं, यासाठी हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांची रीत उचलली. ते १९९१ पासून विद्यार्थ्यांना एकमेकांशी चर्चा करायला लावून शिकवत आले. ढोबळ नियम असा: बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये आली, तर उत्तर फोडायचं नाही. शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन मिनिटं द्यायची आणि पुन्हा कार्डं वर. त्याहून कमी आली तर आपणच नव्याने शिकवायचं. या दोन मिनिटांत वर्गात गलका होतो, होऊ दे.

विज्ञानात याला फेटची जोड दिली. कार्ल वीमन या नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा संगणकावर करून बघायच्या हलत्या प्रयोगचित्रांचा फुकट खजिना. बरेचसे प्रयोग उतरवून ठेवले की नेटशिवाय चालतात. दोन सारखे दिवे एकसर जोडणीत लावले तर कोणता जास्त उजळेल? “पहिला, कारण वीज तिथेच खर्च होते,” असं म्हणणारे भरपूर निघतात. कार्डांनी उत्तर नोंदवून घेतल्यावरच मी फेटवर परिपथ जोडतो. दोन्ही दिवे सारखेच उजळतात आणि निळे इलेक्ट्रॉन सगळीकडे एकाच वेगाने सरकताना दिसतात. आधी दाखवून मग विचारलं, तर सगळेच “आम्हाला माहीत होतं” म्हणतात.

काही गोष्टी मी बंद केल्या. एकदा याचे गुण धरणार म्हणालो, तर कुजबुज सुरू झाली, माना वळू लागल्या आणि चुका एकदम लपल्या. परत तो उद्योग केला नाही. मुलांची नावं भरत नाही, हजेरी क्रमांक पुरतो, आणि कोणाचं काय चुकलं ते पडद्यावर दाखवत नाही. तासाला तीनच प्रश्न. पहिल्या उत्साहात दहा विचारले होते, शेवटी-शेवटी मुलं कार्डाने वारा घेत होती.

गणिताच्या पायऱ्या तपासायला हे कामाचं नाही. त्यासाठी मोबाईल स्टँडला उलटा लावून एखादी वही प्रोजेक्टरवर दाखवतो, एवढं पुरतं. कार्डं हरवतात, म्हणून जादा प्रती कपाटात ठेवतो.

अलीकडे, जिथे तीन पर्याय पुरतात तिथे चौथा ‘अजून कळलं नाही’ असा ठेवतो. पहिले दोन आठवडे त्यावर एकही कार्ड आलं नाही. मग एक दिवस शेवटच्या बाकावरून एक आलं. चुकून उलटं धरलं असेल म्हणून मी पुन्हा स्कॅन केलं. सुलटंच होतं.