क्लास, किट की खोका?

धाकट्या नणंदेचा मुलगा जूनमध्ये चार वर्षांचा झाला आणि तेव्हापासून तिचा दर रविवारी फोन. "वहिनी, ड्रॉइंगचा क्लास लावू, की महिन्याला घरी येतं ते क्राफ्ट किट सुरू करू? का तुझ्यासारखा भंगाराचा खोका ठेवू?" खोक्याला भंगार म्हटल्याचा राग मी गिळला, कारण प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे तिन्ही होऊन गेलंय. थोरल्याला क्लास आणि किट, धाकटीला खोका.

पैसा, पसारा आणि आपला वेळ या तिन्हीची तुलना करायचीच. पण त्याआधी मी एकच गोष्ट बघते: आज काय बनवायचं, हे कोण ठरवतंय?

क्लास

थोरला क्लासला जायच्या आधी आजोबा काढायचा. चेहऱ्यापेक्षा चष्मा मोठा, आणि हात थेट कानातून निघालेले. हे त्या वयाला धरूनच असतं. मग आम्ही त्याला पाचव्या वर्षी क्लासला घातलं. पहिल्या महिन्यात घरी आला तो देखावा. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि वाकडं नारळाचं झाड. सगळे खूश, फ्रिजवर लावला. पुढच्या सुट्टीत मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला, तर म्हणाला, "बघून काय काढू?" फळा नव्हता ना समोर. आजोबा पुन्हा काही कागदावर आले नाहीत.

म्हणून सगळेच क्लास वाईट असं मी म्हणणार नाही. मुलाला चार सवंगडी मिळतात, रंग सांडले तरी फरशी दुसऱ्याची असते आणि आपल्याला निवांत तास मिळतो. नोकरी करणाऱ्या बाईला तो तास किती लागतो, हे मला कुणी सांगायला नको. फक्त फी भरण्याआधी आत जाऊन भिंत बघा. वीस कागदांवर एकच देखावा असेल, तर परत फिरा. वीस कागदांवर वीस वेगळ्या गोष्टी असतील आणि त्यातल्या निम्म्या ओळखू येत नसतील, तर बिनधास्त नाव घाला.

"पण एलिमेंटरी, इंटरमीजिएटला उपयोग होतो" असं एक कारण हमखास ऐकू येतं. त्या परीक्षा माध्यमिक शाळेच्या वयाच्या. चार वर्षांच्या पोराला त्याची तयारी आतापासून कशाला?

किट

किटचा डबा उघडला की सगळं मोजून दिलेलं: फेल्टचे तुकडे, दोन डोळे, गोंदाची ट्यूब आणि चित्रांसह पायऱ्या. तासाभरात घुबड तयार. पसारा जवळजवळ नाही. थोरल्याला यातून कात्री नीट धरता आली, एकामागून एक पायरी पाळता आली. हा फायदा खरा आहे, त्याला नाक मुरडू नये.

पण घुबड कसं दिसणार, हे झाकणावर आधीच छापलेलं असतं. त्यामुळे मुलाला फक्त त्याच्या जवळ पोचायचं असतं. डोळा जरा वाकडा बसला की "माझं चुकलं" म्हणून रडारड. आणि घुबड झालं की झालं. दुसऱ्या दिवशी त्याचं काही करता येत नाही, ते शोकेसमध्ये धूळ खातं. तिन्हींत दर तासाला सर्वांत महाग हेच पडतं. खेळणं म्हणून विकत असतील तर खोक्यावर आयएसआय खूण बघून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना ती सक्तीची आहे.

दिवाळीच्या किल्ल्याचंही हेच झालंय. बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो, बुरूज रंगवलेले, मावळे चिकटवलेले. गॅलरीत ठेवला की काम संपलं. दगड, पोतं, माती आणून, चिखलात हात घालून केलेला किल्ला चार दिवस चालतो. हळीव पेरायचे, ते उगवले का बघायला उठल्याबरोबर पळायचं, रात्री बुरूज ढासळला म्हणून सकाळी तिथे गुहा काढायची. एकात किल्ला मिळतो, दुसऱ्यात चार दिवसांचं काम.

खोका

माझा खोका मिक्सरचा. त्यात काय असतं? श्रीखंडाचे रिकामे डबे, टूथपेस्टची खोकी, बाटल्यांची बुचं, लग्नपत्रिका, शिंप्याकडच्या चिंध्या, सुतळी, नारळाची करवंटी, चिंचोके, कपड्यांचे चिमटे. शेजारी डिंक आणि बोथट कात्री. खर्च डिंकाचा.

धाकटी एका सकाळी टूथपेस्टच्या खोक्यावर दोन बुचं चिकटवून "गॅस" करून बसली. त्यावर करवंटीत चिंचोक्यांचा भात. दुपारी तोच गॅस उभा केला, बुचांची बटणं झाली आणि चिमटे त्यातून वरखाली जायला लागले. ती लिफ्ट होती. एक चिमटा बाहेरच ठेवलेला दिसला, म्हणून विचारलं. "त्या काकू जिन्याने जातात, त्यांना भीती वाटते." आमच्या बिल्डिंगमध्ये अशा काकू आहेत. हे कुठल्या पायऱ्यांच्या कागदावर आलं असतं?

यात नवीन काहीच नाही. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम करायला गेल्या, तेव्हा मॉन्टेसरीची महागडी साधनं गावात परवडणारी नव्हती. त्यांनी आणि अनुताई वाघांनी आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं उभी केली. पुण्यात अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ असल्या वस्तूंतून विज्ञानाची खेळणी शिकवली.

आता अडचणी. पहिली म्हणजे पसारा, आणि तो भयंकर असतो. माझा तोडगा जुनी चादर. खोका नेहमी तिच्यावरच उघडायचा आणि जेवायची वेळ झाली की चार कोपरे उचलून गाठोडं बांधायचं. आवरायला अर्धं मिनिट लागतं, आणि अर्धवट काम दुसऱ्या दिवशी तसंच सापडतं.

दुसरी म्हणजे आपला हव्यास. मी सुरुवातीला खोका ओसंडेपर्यंत भरला आणि पोरगी नुसती उपसत बसली. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. समोर १६ ऐवजी ४ खेळणी ठेवली, तेव्हा मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तेव्हापासून एका वेळी सात-आठ वस्तूच बाहेर काढते, बाकीच्या माळ्यावर.

तिसरी अडचण मात्र हसण्यावारी नेऊ नका. बियांच्या हौसेत गुंजा आणि एरंडाच्या बिया खोक्यात येऊ देऊ नका. गुंज दिसायला देखणी, पण चावली गेली तर विष. बटणासारखे सेल आणि लोहचुंबकाचे सुटे मणीही नकोत. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर चिंचोके आणि बुचंही वर ठेवा.

आणि खोक्याला मोठं माणूस जवळ लागतं. शिकवायला नाही, नुसतं बसायला. मी पोळ्या लाटते तेव्हा चादर स्वयंपाकघराच्या दारात पसरते. खोका नको असेल त्या दिवशी कणकेचा गोळा द्यायचा. टिकाऊ हवा तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी, वाटीभराच्या आतच. फ्रिजमध्ये बरेच दिवस चालतो.

तिन्हींत घात करणारी एक गोष्ट

बक्षीस. "छान चित्र काढलंस तर चॉकलेट." १९७३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काही दिवसांनी त्याच मुलांना मोकळं सोडलं, तेव्हा ती इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्रक दिलं, त्यांची आवड टिकून राहिली. सोसायटीच्या गणपतीतल्या चित्रकला स्पर्धेला धाकटी जाते, पण मी नंबर विचारत नाही. "हे काय आहे?" असंही विचारणं सोडलंय. "याच्याबद्दल सांग" म्हटलं की पंधरा मिनिटं गोष्ट ऐकावी लागते, एवढाच त्रास.

मग नणंदेला काय सांगितलं

ती ठाण्याला, दोघं नोकरीला, घरी सासूबाई आणि त्यांचे गुडघे. रोजचा खोका तिला झेपणार नाही, हे उघड होतं. घरी आजी-आजोबा खाली बसू शकणारे असते किंवा ती स्वतः संध्याकाळी तासभर मोकळी असती, तर मी डोळे मिटून खोका म्हटलं असतं. क्लास मी निदान सहा वर्षांपर्यंत लांबवायला सांगितला. "हत्तीची सोंड जमत नाही, कुणीतरी शिकवा" असं मूल स्वतः म्हणेल तेव्हा लावावा, कारण तेव्हा त्याला हत्ती काढायचा असतो.

म्हणून तिच्यासाठी तडजोड: शनिवार-रविवार चादर आणि छोटा खोका, आणि मधल्या वारी आजीजवळ बसून करायला किट. पण किट मुलाच्या हातात देण्याआधी झाकण आणि पायऱ्यांचा कागद काढून ठेवायचा.

परवा तिने फोटो पाठवला. घुबडाला चार पाय आहेत, डोळा एकच, आणि दुसरा डोळा पोटावर. पाय चार का, विचारल्यावर साहेब म्हणाले, "दोन झोपायचे आणि दोन जागायचे."